गाठीची शेवटी

ज्या वर्षी मेंढरांच्या गळ्यांना गाठी आल्या, ते साल एकोणीसशे एकोणसाठ. त्याआधीही एखाददुसऱ्या मेंढीला गाठ यायची, नाही असं नाही. पण त्या वर्षी कळपात हात घालावा आणि बोटाला गाठ लागावी, अशी गत झाली. कानाच्या खाली, जबडा जिथं वळतो तिथं. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. मेंढी आपली चरायची, पाणी प्यायची, आणि गाठ वाढत राहायची.

दरवर्षी लोकर कातरायला बाहेरून एक टोळी येत असे. त्या वर्षी ती आली ती कुंपणापर्यंतच. टोळीच्या म्होरक्यानं दोन मेंढ्या चाचपल्या, हात मातीत घासले आणि म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं तुमचं अन्न खाल्लंय. पण आमच्या कातरींना हे लागलं, तर पुढच्या गावात आम्हाला दारात कोण उभं करील?" पाणीसुद्धा न घेता टोळी आल्या वाटेनं निघून गेली.

ऊन तापायला लागलं होतं. लोकर अंगावर ठेवून चालणार नव्हतं. घरच्यांनीच कातरी उचलल्या.

घरात सासरा, सासू, दोन मुलगे आणि दोन सुना. थोरलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण कूस उजवली नव्हती. धाकटीची मुलगी नुकती बसायला लागलेली. तिचं नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं, पण गोल तोंडामुळे आणि लाकडी बाहुलीसारखं टक लावून बघण्यामुळे सगळे तिला ठकी म्हणत.

गाठीच्या मेंढ्यांसाठी सासऱ्याचा एक नियम होता. गाठीची शेवटी. आधी निरोगी मेंढ्या कातरायच्या. कातरताना कातडीला खरचटतंच. एकीच्या गाठीतला पू कातरीबरोबर दुसरीच्या ओरखड्यात गेला की झालं. म्हणून गाठीच्या मेंढीच्या गळ्यात तांबडी चिंधी बांधायची, तिला खालच्या वाड्यात कोंडायची, तिचं खाणं-पाणी वेगळं ठेवायचं आणि सगळ्या संपल्या की मग तिला कातरायची. गाठ पिकली असेल तर सासरा तिला गोठ्यामागं नेई, लहान सुरीनं चीर देई, नासलेल्या दुधासारखा घट्ट पू राखेत पिळून घेई आणि गवत टाकून ती राख पेटवून देई. त्याचा हात हलका होता. त्याच्या हातची मेंढी क्वचितच दगावली असेल. त्यामुळे जित्राबांच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि घरातल्या माणसांच्या बाबतीत वेगळी रेघ कोणी ओढलेलीच नव्हती.

धाकटीकडे मेंढी धरण्याचं काम होतं. मेंढी उलटी पाडायची, पाठ आपल्या मांड्यांना टेकवायची, पुढचे पाय एका हातात धरायचे आणि डोकं काखेत दाबायचं. नवरा पोटापासून कातरत जाई आणि लोकर सोललेल्या सालीसारखी खाली उतरे. मग ती लोकर गुंडाळायची, भारा डोक्यावर घ्यायचा आणि कोठीत नेऊन पसरायचा. तिथं सासू नि थोरली लोकर फाकून बसलेल्या असत. काटे, कुसळं, शेणाचे गोळे, गोचिड्या. गोचिडी निघाली की घासलेटाच्या डब्यात. संध्याकाळी सगळ्यांच्या अंगाला तोच तेलकट, उग्र वास. डोकं तर सगळ्यांचंच खाजायचं. अंघोळीला पाणी कमी आणि वेळ त्याहून कमी. केस सोडून विंचरायला बाईला सवड कुठली? धाकटीनं कातरणी सुरू होताना अंबाडा घालून वर फडकं बांधलं होतं, ते तसंच होतं.

गाठ तिची तिलाच आधी लागली. तांब्यानं वरून पाणी पिताना मान मागं गेली आणि उजव्या कानाखाली कळ आली. बोट लावून पाहिलं तर हरभऱ्याएवढं काहीतरी. दुसऱ्या दिवशी ते मोठं झालं. कानाच्या मागंही एक आली. कुशीवर झोपवेना. ठकी दूध पिता पिता कान धरायची, तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं.

तिनं कोणाला सांगितलं नाही. फडकं जरा खाली ओढून बांधलं. रोज डोळ्यांसमोर तशाच गाठीच्या मेंढ्या बघणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

असे काही दिवस गेले. मग एका मेंढीनं डोकं काखेतून सोडवून घेतलं आणि वर उसळी मारली, ती नेमकी तिच्या कानाखाली. धाकटी ओरडली. मेंढी सुटून पळाली. नवऱ्याची कातर हवेतच राहिली.

"काय झालं?" सासरा पलीकडून आला.

"काही नाही मामंजी. लागलं नुसतं."

"बघू."

"खरंच काही नाही."

"हलू नको."

त्यानं तिची हनुवटी एका हातानं वर केली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा जबड्याच्या कोपऱ्यात घातला. मेंढीला घालायचा तसाच. अंगठा गोल फिरला, थांबला, कानामागं गेला, तिथंही थांबला. धाकटीनं दात आवळून धरले. सासऱ्यानं हात काढला आणि तिच्याशी न बोलता बायकोकडे पाहिलं.

"गाठ आहे. दोन आहेत."

सगळ्या कातरी थांबल्या. सासू कोठीच्या दारातून उठून आली. तिनं सुनेकडे पाहिलं नाही. आधी टोपलीत बसलेल्या ठकीला उचललं आणि थोरलीच्या हातात दिलं.

"धर हिला. घरात ने."

"आत्याबाई, तिची प्यायची वेळ झालीय," धाकटी म्हणाली.

"बाटलीनं पाजू."

"तिला बाटली कुठं माहितीय?"

"कोकरं नाही का वाढत बाटलीवर? वाढेल."

थोरला दीर तोंडाळ. तो म्हणाला, "आता काय, हिच्याही गळ्यात तांबडी चिंधी बांधायची?" कोणी हसलं नाही. मग तो एकटाच थोडा हसला आणि गप्प झाला.

चिंधी बांधली नाही एवढंच. बाकी सगळं नियमाप्रमाणं झालं. धाकटीची वाकळ लोकरीच्या कोठीत आली. ताट, तांब्या, वाटी वेगळी झाली. जेवण सगळ्यांच्या मागून. काम मात्र होतं. तिला खालच्या वाड्यातल्या मेंढ्यांकडे लावलं. गाठीचीनं गाठीच्या बघाव्यात.

दुपारी घरातून ठकीचं रडणं यायचं आणि इकडे हिच्या चोळीला दूध फुटायचं. छाती दगडासारखी व्हायची. मग ती कोठीमागं जाऊन भिंतीच्या कडेला दूध पिळून टाकायची. मुंग्यांची रांग तिथं लागलेलीच असे. रडणं हळूहळू कमी झालं. ते कमी झालं तेव्हा तिला जास्त भीती वाटली. ठकी शेळीच्या दुधाला नि कोकराच्या बाटलीला रुळत होती. थोरली तिला घेऊन अंगणात फिरायची, तिच्याशी बोलायची. इतकं गोड बोलताना थोरलीला कोणी कधी ऐकलं नव्हतं. धाकटी दिसली की ती पाठ फिरवायची, अशी की मुलीचं तोंड पलीकडे होईल.

नवरा ताट आणून उंबऱ्यावर ठेवायचा आणि उगाच उभा राहायचा. भला माणूस, पण बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"दुखतं का?" त्यानं एकदा विचारलं.

"कुठलं विचारताय?"

त्यानं तांब्या ताटाजवळ सरकवला. मग म्हणाला, "बाबा म्हणतात, अजून पिकली नाही. शेवटची मेंढी झाली की हिचीही फोडून टाकू. एकदा घाण निघाली की मोकळी होशील. त्यांचा हात हलका आहे."

"मेंढीला विचारलंत का?"

"अशी काय बोलतेस?"

"मग कशी बोलू? तुम्ही काय करणार तेव्हा? पाय धरणार माझे?"

तो उंबऱ्यावरून उठून निघाला. म्हणजे बापानं त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात लोकरीचा व्यापारी माल बघायला आला. सासूनं धाकटीला पोत्यांच्या मागं बसायला सांगितलं. व्यापारी लोकर ओढून बघत होता, गप्पा मारत होता. "धाकट्या सूनबाई दिसत नाहीत कुठं?" त्यानं सहज विचारलं.

"माहेरी गेलीय," सासू म्हणाली.

"आणि बाळ तर इथं दिसतंय."

"बाळ इथंच राहणार. आमचं आहे ते."

पोत्यांमागं धाकटी ताठ बसली होती. व्यापाऱ्यापुरतं केलेलं खोटं आणि आधी ठरवून ठेवलेलं खरं, यांचा आवाज वेगळा असतो. सासूचा आवाज ठरवलेल्या गोष्टीचा होता. आता चीर द्यायची, मग तिला माहेरी घालवायची, आणि मुलगी थोरलीच्या पदरात. ठकीला आपण परत मांडीवर घेणार की नाही, एवढाच एक प्रश्न तिच्यापुढं उरला. गाठीचं काय व्हायचं ते होवो.

खालच्या वाड्यातल्या मेंढ्या रोज कमी होत होत्या. कातरून झालेली मेंढी उघडीबोडकी, गोरी होऊन बाहेर पडायची. वाडा मोकळा होत जाई तसतशी धाकटी उरलेल्या तांबड्या चिंध्या मोजी. अखेर एका संध्याकाळी शेवटची मेंढी निघाली. सासऱ्यानं कातरी उकळत्या पाण्यात टाकल्या आणि म्हणाला, "उद्या उन्हं वर यायच्या आत ते एक काम उरकून घेऊ."

सकाळी धाकटी कोठीतून बाहेर आली तेव्हा सासरा ओट्यावर बसून सुरीला धार लावत होता. बाजूला राखेची पाटी. नवरा खांबाला टेकून उभा, मान खाली. घरातून ठकीचा आवाज आला. रडण्याचा नव्हे, हसण्याचा.

धाकटीनं पायात वहाणा घातल्या, पाण्याचा तांब्या उचलला आणि अंगणातून सरळ बाहेर पडली. कुंपणाशी एकदा वळून म्हणाली, "मी तालुक्याच्या दवाखान्यात जातेय. तिथली डॉक्टरीण म्हणाली फोडा, तर फोडून घेईन."

"थांब," सासरा म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही; त्याला कधी चढवावा लागला नव्हता. ती थांबली नाही.

नवरा जागचा हलला नाही. निघाली ती सासू. पदर खोचून, शेताच्या कडेनं, भरभर.

वाट लांब होती. दोन्ही बाजूंना कापून घेतलेली रानं, मध्ये धुळीची पायवाट. धाकटी पुढं, सासू मागं, आणि मध्ये गाडी जाईल एवढं अंतर. म्हातारी जवळ येत नव्हती, पण पाठही सोडत नव्हती.

"परत फिर."

"फिरते. ठकीला माझ्या हातात देता?"

"लोकांना कळलं तर कळपाला कोण दारात घेईल? लोकर तशीच पडेल."

"लोकरीला काय करायचं ते करा. मला माझी पोर द्या."

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"गळ्याला गाठ आहे तेवढी पुरे झाली, आत्याबाई."

ऊन चढलं. म्हातारीला धाप लागली आणि ती बांधावरच्या झाडाखाली बसली. धाकटीही पुढं जाऊन थांबली. तिला सोडून जाववेना. तांब्यातलं पाणी तिनं वाटेच्या मध्यभागी ठेवलं आणि मागं सरकली. म्हातारी उठली, तांब्या घेतला, तोंड न लावता वरून पाणी प्यायली. मग जरा वेळानं, दुसऱ्याच कोणाशी बोलावं तसं बोलली.

"माझ्या माहेरी माझी वहिनी होती. तिच्या गळ्याला अशाच आल्या. एक, मग दुसरी, मग माळच. खोकायची. कोणी लक्ष दिलं नाही. पोरगं पाजत राहिली ती. आधी पोरगं गेलं. मग ती." म्हातारीनं तोंड पुसलं. "मला कोणी वाईट म्हणो. मी त्या पोरीला तुझ्या अंगावर देणार नाही."

धाकटीला इतके दिवस म्हातारीचा राग होता. तो तसाच राहिला, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. "मग चला," ती म्हणाली. "तेच विचारू या."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाक होते. धाकटीनं मानेवरचं फडकं जरा सारखं केलं तर शेजारची बाई मूल उचलून पलीकडे सरकली. सासू लांब खांबाशी उभी राहिली, जणू हिच्याबरोबर आलीच नाही.

डॉक्टरीण पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तुटक. तिनं गाठी दाबल्या, दोन्ही काखा पाहिल्या, पोट दाबलं, छातीला नळी लावली.

"खोकला? संध्याकाळचा ताप? अंग उतरलंय?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"कातरणी सुरू झाल्यावर आली. आधी एवढीशी होती. पटकन वाढली."

"दुखते?"

"हात लागला की जीव जातो."

"छान," डॉक्टरीण म्हणाली.

दारातून सासू उसळली. "छान काय त्यात?"

"तुम्ही कोण?"

"सासू."

"मग आत या. लांबून कशाला भांडता?" डॉक्टरिणीनं तिला हात धरून आत घेतलं. "दुखते, मऊ आहे, बोटाखाली सरकते, झटकन आलीय. म्हणून छान. मला भीती वाटते ती न दुखणारीची. दगडासारखी घट्ट, जागची न हलणारी, महिनोन्महिने गुपचूप वाढणारी. तशी दिसली तर एक दिवस घरी बसू नका. आता इकडे बोट द्या." तिनं म्हातारीचंच बोट म्हातारीच्याच जबड्याखाली दाबलं. "लागतं काही? डाळीच्या दाण्याएवढं?"

म्हातारीनं विस्तवावरून काढावा तसा हात काढला. "मलाही आहे?"

"सगळ्यांना असतात. तुम्हाला, मला. गळ्यात, काखेत, जांघेत. जन्मल्यापासून. रक्ताखेरीज आणखी एक पाणी अंगात फिरतं, ते या गाठींतून गाळून पुढं जातं. पाण्याबरोबर घाण आली, जंतू आले, की गाठ त्यांना अडवते. अडवताना सुजते. चौकीवर चोर पकडून आणले की गर्दी होते ना, तसं. गर्दी झाली म्हणून कोणी चौकी पाडत नाही."

म्हातारीला पटलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.

"बरं, पायात काटा मोडला आणि पिकला, की जांघेत काय येतं?"

"अवधाण."

"मग काय करता? जांघ फोडता?"

"जांघ कशाला फोडायची? काटा काढायचा. अवधाण आपोआप..." म्हातारी बोलता बोलता थांबली.

"हे मानेतलं अवधाण आहे. काटा कुठं आहे ते शोधायचं."

तिनं धाकटीचा घसा पाहिला, एकेक दात ठोकून पाहिला, कानांत दिवा टाकला. कुठंच काही नाही. काटा सापडला नाही तर? घरी ओट्यावर सुरी नि राखेची पाटी तशीच होती.

"केस सोडा," डॉक्टरीण म्हणाली.

फडकं निघालं. घामानं, धुळीनं, लोकरीच्या तेलानं चिकटलेला अंबाडा निघेना. डॉक्टरिणीनं चष्मा वर केला, खाली केला. "मला या गुंत्यातलं दिसायचं नाही. तुम्ही लोकर फाकता ना? फाका."

म्हातारी उभीच राहिली. इतक्या दिवसांत तिनं सुनेला बोट लावलं नव्हतं. व्हरांड्यातली माणसं दारात जमली होती, कोणीतरी खाकरलं. मग म्हातारीनं पदर कमरेला खोचला आणि पुढं आली. दोन्ही अंगठे टाळूवर टेकले, केस दोन्हीकडे दाबले, एक रेघ उघडी केली, पाहिली. त्याच्या शेजारची रेघ, मग त्याच्या शेजारची. मेंढीच्या पाठीवरून जात तसे हात सावकाश जात होते. कानाच्या वर, अंबाड्याच्या बुडाशी ते थांबले.

"अगं आई गं," म्हातारी म्हणाली.

काळी खपली होती, नखाएवढी, भोवती लाल कडं आणि खाली ओल. खपलीच्या कडेला गोचिडीचं वाळलेलं अंग. तोंड अजून कातडीत रुतलेलं.

"हा तुमचा काटा," डॉक्टरीण म्हणाली.

दारातल्या एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात आपलं शहाणपण पाजळलं. "जखम मांडीला नि मलम शेंडीला म्हणतात. इथं जखम शेंडीला आणि मलम गळ्याला!" लोक हसले. धाकटीला हसू आलं, पण त्याच्याबरोबर रडूही आलं, म्हणून तिनं खाली पाहिलं.

डॉक्टरिणीनं चिमट्यानं गोचीड काढली, जखम धुतली, गोळ्या दिल्या. ठकीला पाजायला काही हरकत नाही म्हणाली. "मेंढ्यांचा रोग वेगळा," तीच पुढं म्हणाली. "त्यांना तुमचा नियम बरोबर आहे, तो सोडू नका. हिच्या गाठी मात्र आज उतरायच्या नाहीत. काही आठवडे राहतील, हळूहळू बसतील. महिन्यानं दाखवायला या. फोडायचं कोणी म्हणत होतं का?"

म्हातारी सुनेचे केस सारखे करू लागली.

"इथून मोठ्या शिरा जातात," डॉक्टरिणीनं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "सुरी जरा घसरली तर मी इथं बसून काही करू शकले नसते."

म्हातारीनं ती गोचीड कागदात गुंडाळून मागून घेतली.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. सासरा ओट्यावरच होता. थोरली ठकीला कडेवर घेऊन दारात उभी. धाकटी सरळ तिच्याकडे गेली आणि हात पुढं केले.

थोरली मागं सरली. "गाठ गेली का?"

"नाही. बसेल हळूहळू."

"मग? आहेच की अजून." थोरलीचा आवाज चिरकला. "नियम म्हणजे नियम. मामंजी, सांगा ना. गाठ आहे तोवर नाही ना द्यायची?"

सासऱ्यानं उठून सुनेच्या गळ्याकडे पाहिलं. सूज होती तेवढीच होती. "दवाखान्यात जाऊन काय झालं मग?" तो म्हणाला. "जशी गेली तशीच आली. गाठ जाईपर्यंत पोर थोरलीकडे राहील."

धाकटीचे हात पुढंच राहिले. ठकी आईकडे टक लावून बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

म्हातारीनं कागद उलगडला आणि ओट्यावर, सुरीच्या शेजारी ठेवला. "ही हिच्या डोक्यात होती. आपल्याच लोकरीतली. इतके दिवस रक्त पीत बसलेली. दिवसभर लोकर फाकणारी मी, आणि घरातल्या पोरीचे केस कोणी फाकले नाहीत."

"पण गाठ..."

"गाठ राखण करतेय तिची. तुम्हाला मेंढ्यांतलं कळतं. माझा नवरा म्हणून मी सगळंच तुम्हाला कळतं असं धरून चालले, ती माझी चूक." मग ती थोरलीकडे वळली. आवाज खाली आला. "दे गं. तुझा जीव जडलाय, मला दिसतंय. पण दे."

थोरलीनं लगेच दिली नाही. तिनं ठकीचं झबलं सारखं केलं, जावळ मागं सारलं, काहीतरी पुटपुटली. मग मुलीला धाकटीच्या हातात ठेवलं आणि पदर तोंडाला लावून परड्यात निघून गेली.

धाकटी तिथंच ओट्याच्या पायरीवर बसली. ठकीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं, पाठ ताठ करून रडायला लागली. तिला बाटली हवी होती. दूधही आता पूर्वीसारखं येत नव्हतं. सगळे बघत होते. धाकटीनं कोणाकडे पाहिलं नाही. ती नुसती तिला धरून बसली. मुलगी रडून दमली, हुंदके देत राहिली, आणि दमलेल्या तोंडानं सवयीनंच तिनं धरलं. दोन घोट झाल्यावर तिचा हात वर आला आणि त्यानं आईचा कान घट्ट पकडला. कळ डोक्यात गेली. धाकटीनं तो हात सोडवला नाही.

सासऱ्यानं सुरी उचलून आत नेली. नंतर त्यावर तो कधी बोलला नाही.

गाठी बसायला पाऊसकाळ उजाडला. कानामागची गेली, खालची डाळीएवढी राहिली ती राहिलीच.

कळपातला रोग आणखी दोनतीन वर्षं चालला, मग ओसरला. सासरा शेवटपर्यंत नियमानं कातरणी करवून घेत असे. तो एका दुपारी मेंढ्यांना पाणी दाखवून आला, बाजेवर पडला आणि उठलाच नाही. नवरा बोलका झाला नाही तो नाहीच. पण पुढं प्रत्येक कातरणीत, संध्याकाळी, तो अंगणात सगळ्यांदेखत बायकोला पुढं बसवून तिचे केस फाकून बघायचा. गावातल्या बायका हसायच्या. तो खाली मान घालून बघतच राहायचा.

थोरला दीर शहरात गिरणीत लागला. थोरली तिथं लहान मुलांच्या शाळेत मदतनीस झाली. दोघी जावांचं कित्येक वर्षं तुटकच होतं. ठकीला मात्र ती दर वर्षी झबलं, मग झगा, मग पातळ पाठवायची, आणि माप नेहमी बरोबर यायचं. ठकी शिकली, टपालखात्यात लागली. कानाला हात लावून विचार करायची तिची सवय गेली नाही.

म्हातारी बरीच जगली. एका सकाळी धाकटी रांजण भरत असताना ती मागून आली. सुनेचा ओला हात धरला आणि आपल्या गळ्याच्या हाडावर, डाव्या बाजूला, नेऊन ठेवला. तिथं सुपारीएवढं काहीतरी होतं. घट्ट, जागचं न हलणारं.

"दुखतं?"

"नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. आधी वाटलं, दुखत नाही त्याचं काय सांगायचं. मग ती बाई काय म्हणाली होती ते आठवलं. मग भीती वाटली."

त्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. तिथून मोठ्या दवाखान्यात. उशीर झाला होता. म्हातारीनं एक हिवाळा काढला. शेवटची अंघोळ धाकटीनंच घातली. बायका म्हणाल्या, वरवर घाल, गळ्याला फार हात लावू नकोस. तिनं ऐकून घेतलं आणि कोमट पाण्यानं, साबण लावून, सावकाश, बाकीच्या अंगासारखाच तो गळाही धुतला.